राहून गेलेली ओटी

सोळा जानेवारी, संक्रांत होऊन दोन दिवस झालेले. जवळ तीनशे पंचवीस रुपये. हजर माणसं चार: आई, बाबा, दादा आणि कुंपणापलीकडून बघणारी शेजारची गंगूकाकी, जिला कुणी बोलावलं नव्हतं. तीस वर्षांपूर्वी मी चांदीपचं घर सोडलं त्या सकाळचा एवढाच तपशील मी खात्रीने सांगू शकते. बाकीचं आठवणीतलं आहे, आणि माझी आठवण माझ्याच बाजूने झुकते हे मला माहीत आहे.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. दहिसरला मावशीकडे राहून नाटकात काम करायचं ठरलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं, आणि घरच्यांचं भांडून भांडून संपलं होतं. शेतातलं भात झोडून घरात आलं होतं, वाल फुलोऱ्यात होता. दादाने माझी पिशवी सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधली. बाबा म्हणाले, "पैशाला जप. आनि परत यावंसं वाटलं तर ये, विचारत बसू नको." एवढं बोलून ते गोठ्याकडे गेले.

आई घरातून बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात नारळ होता आणि दुसऱ्या हातात, वाटीत, तांदूळ. घरातून मुलगी निघाली की ओटी भरायची, हे तिच्या हातांना सवयीचं होतं. आत्या, मावश्या, चुलतबहिणी, सगळ्यांच्या पदरात तिने तांदूळ घातले होते. उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. माझ्याकडे बघितलं. मी पंजाबी ड्रेस घातला होता, पदर नव्हताच.

"वटी भरू तर काय म्हनून भरू?" ती म्हणाली. "सासरी चाललीस का? ना कुनाच्या घरी, ना दारी."

ती रागाने बोलली असं मला बरीच वर्षं वाटायचं. आता वाटतं, ती खरंच विचारत होती. लग्न झालेल्या मुलीची ओटी भरतात. एकटी, बिनलग्नाची, स्वतःच्या पायांनी घराबाहेर पडणारी मुलगी तिने पाहिलीच नव्हती, तिच्यासाठी रीतही नव्हती. आई आत गेली. तांदूळ परत डब्यात ओतल्याचा आवाज मी अंगणात ऐकला. मग तिने नारळ आणून पिशवीत टाकला. "हा मावशीला दे," म्हणाली. म्हणजे नारळ माझ्याबरोबर आला, पण माझा म्हणून नाही.

दादा मला शिरसाड फाट्यापर्यंत सोडायला आला. वाटेत म्हणाला, "गावात विचारतील तर नर्सिंगला गेली म्हनून सांगतो. तू पन तेच सांग."

"आणि आमचं नाटकच गावात लागलं तर?"

"तेव्हा बघू. तोंडाला रंग असतो ना, कोन वळखतंय."

चार वर्षं त्याने ते खोटं निभावलं. एकदा तर गावातल्या कुणाचा रक्तदाब वाढला म्हणून मला फोनवर गोळीचं नाव विचारलं. माझ्या दादाबद्दल पुढे मी जे लिहिणार आहे ते वाचताना हे लक्षात असू द्यावं.

हे मी माझ्या गावच्या बायकांसाठी लिहितेय, ज्या तिथेच राहिल्या. आणि इथल्या बायकांसाठी, ज्या माझ्यासारख्या निघून आल्या. मी बोळिंजला ज्या इमारतीत राहते तिथे कोकणातली माणसं आहेत, साताऱ्या-सांगलीची आहेत, परळ-लालबागची खोली विकून आलेली आहेत. कुणाचं गाव एका रात्रीच्या प्रवासावर, कुणाचं त्याहून लांब. सगळ्यांत जवळून आलेली मीच. बस आणि रिक्षा धरून तास-दीड तासाचं अंतर. गणपतीला सगळी इमारत गावाला जायला आठ-आठ दिवसांच्या सुट्ट्या टाकते तेव्हा शेजारीण मला म्हणते, "तुमचं बरंय बाई, तुमचं गाव काय हाकेवर." मी हो म्हणते. माणूस किती लांब आला हे बसच्या तिकिटावर लिहिलेलं नसतं, हे तिला कुठे समजावत बसा.

पहिली सहा वर्षं नाटकात गेली. एका प्रयोगाचे, आमच्या बोलीत एका नाइटचे, पंचाहत्तर रुपये. पहिल्याच जाहिरातीत माझं विमल हे नाव जुनाट वाटलं म्हणून मॅनेजरने परस्पर वैदेही करून छापलं. मला वर्तमानपत्रातून कळलं. मग मालिका आल्या. सतरा वर्षं मी कामवाली बाई होते. घर बदलायचं, मालकीण बदलायची, माझं फडकं तेच. माझा रंग सावळा, हाडं रुंद, आवाज जाडा. एका निर्मात्याने तोंडावर सांगितलं होतं, "चेहरा चांगला आहे तुमचा, पण हे घर तुमचं आहे असं वाटत नाही." त्याने वाईट हेतूने सांगितलं नव्हतं. चहा घेता घेता, सहज. मी ते वाक्य घरी आणलं आणि बरीच वर्षं सांभाळलं.

त्या सतरा वर्षांत मेकअपवाला मला रोज दोन छटा उजळ करायचा. कामवाली असली तरी चॅनलला फार काळी चालत नसे. मग पंचेचाळिशी ओलांडल्यावर ती भूमिका आली, जिने मला लोक ओळखायला लागले. शेतकरी घरातली थोरली बहीण. चॅनलला म्हणे मातीतला चेहरा हवा होता. पहिल्या दिवशी मेकअपच्या खुर्चीत बसले तर निरोप आला, हिला एक छटा काळी करा. मेकअपवाल्याने आरशातून माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. दोघांनाही हसू आलं. माझ्या मूळ रंगात मी कुणालाच नको होते. त्या दिवसापासून मी आरशाशी भांडणं सोडलं. मुलाखतींमध्ये विचारतात, तुम्ही स्वतःला कसं स्वीकारलंत? त्यांना काहीतरी मोठं ऐकायचं असतं. खरं उत्तर असं की मी दमले. दमलेला माणूस बरंच काही स्वीकारतो, आणि त्यातलं काही काही बरंही असतं.

त्या मालिकेत एक प्रसंग होता. भाऊ बहिणीला रजिस्ट्रार ऑफिसात घेऊन जातो, वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याचा कागद पुढे करतो. बहीण पेन उचलते, खाली ठेवते आणि म्हणते, "माझंच नाव खोडायला मी माझाच हात देणार नाही." नायगावच्या सेटवर आम्ही तो प्रसंग केला. वाक्य शॉटच्या अर्धा तास आधी फोनवर आलं होतं. पाठ केलं, बोलले, जेवायला गेले.

तो भाग दाखवला गेला आणि माझं नाव मागे पडून ते वाक्यच पुढे झालं. बँकेत, दवाखान्यात, लग्नात, बायका माझा हात धरून ते वाक्य मलाच म्हणून दाखवायच्या. बोळिंजच्या बाजारातली भाजीवाली, "ताई, सही नाय करायची हां," म्हणत मेथीची एक जुडी जास्त टाकायची. त्या जुडीचे पैसे मी वेगळे काढून देत असे. सही न करण्याचं काम माझं नव्हतं, लेखकाचं होतं. त्याला कुणी मेथी दिली नाही.

दादाने शिरसाड नाक्यावर माझ्या अभिनंदनाचा बॅनर लावला. माझा फोटो मोठा, खाली कोपऱ्यात हात जोडलेला त्याचा छोटा. नर्सिंगचा विषय कुणी काढला नाही.

त्याच मालिकेत माझी ओटी कितीदा भरली गेली हे मला सांगता येणार नाही. मंगळागौर, डोहाळजेवण, माहेरून निघणं, सासरहून निघणं. नारळ एकच असायचा. कला विभागातला माणूस त्याला शॉटच्या आधी तेलाचं बोट लावून चमकवायचा. आणि तांदूळ. टेक चुकला की माझ्या पदरातले तांदूळ परत डब्यात, मग पुन्हा पदरात, पुन्हा डब्यात. मी भात लावणाऱ्या घरातली मुलगी. तो आवाज मला पाठ होता. एकदा जोडीच्या नटीने विचारलं, "खऱ्यात तुझी ओटी कोण भरतं गं?"

"कला विभाग," मी म्हटलं. सगळा सेट हसला. मीही हसले.

खऱ्यात नारळ मला पुष्कळ मिळाले, पण ते शाल-श्रीफळाचे. प्रसिद्ध बाईला मार्च महिन्यात सवड नसते. महिला दिनाचे कार्यक्रम आठ तारखेला सुरू होतात आणि महिना संपेपर्यंत चालतात. स्त्रीचं सबलीकरण या विषयावर मी इतकी भाषणं केली आहेत की झोपेतून उठवून कुणी सुरू करायला सांगितलं तरी करीन. घरी आल्यावर शाल कपाटात, नारळ किसणीवर. वर्षभर आमच्याकडे वाटपाला नारळ विकत आणावा लागत नाही, सबलीकरणाचा एवढा फायदा मला नक्की झाला.

मालिका संपली. आता लोकांना वाटतं तेवढं काही माझ्याकडे नाही, हेही सांगून टाकते. आम्हाला पगार नसतो, काम केलेल्या दिवसाचे पैसे असतात, आणि ते हातात पडायला तीन महिने लागतात. मालिकेनंतर महिन्याला दोन-चार दिवस काम मिळालं तर चांगला महिना. फ्लॅटच्या कर्जाची सात वर्षं बाकी आहेत. सोसायटीची खजिनदार मीच असल्यामुळे कुणाचं देणं थकलं की नोटीस मी काढते, म्हणून स्वतःचं एकदाही थकू दिलेलं नाही. लग्न केलं नाही. त्याची कारणं होती, ती आता जुनी झाली.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत दादा माझ्या घरी आला. सोबत नव्या तांदळाची पिशवी आणि वाल. सोफ्याच्या कडेवर बसला, परक्या घरी बसतात तसा. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि सातबाऱ्यावर तीन नावं लागली होती: आई, दादा, मी.

"गोडाऊनवाला मागतोय जमीन," तो म्हणाला. "हायवे जवळ पडतो ना. पुढल्या महिन्यात बयाना देतो म्हनतो, फक्त नावं कमी करा. आईचं मी बघतो. तुझं तेवढं हक्कसोड करून टाकू."

"विकायचंच ठरवलंस?"

"गुडघे बघ माझे. लावनीला मानसं कुठंयत? जी हायत ती गोडाऊनात कामाला. इकत आनून खाल्लं तर सस्त पडतं भात."

त्यात खोटं काही नव्हतं. मी म्हटलं, "मग विकूया. तिघांनी सह्या करू, तीन वाटे करू."

त्याने गुडघा चोळला. "तुझं कशाला मधे? लोक म्हनतील, टीव्हीवाली असून भावाच्या तोंडातला घास काढला. तुला काय कमी आहे?" आणि पुढे म्हणाला, "आनि तुला असंच नाय पाठवनार. साडीचोळी करू, वटी भरू. सुनंदा सगळं रीतसर करील."

सुनंदा माझी वहिनी. त्या सकाळनंतर घरच्यांच्या तोंडून माझ्यासाठी ओटी हा शब्द पहिल्यांदा निघाला. मी किती झटकन हो म्हटलं हे आठवलं की अजून नवल वाटतं. जमिनीचा तिसरा हिस्सा गेला असता तर माझं कर्ज फिटायची एकमेव आशा गेली असती, हे मला कळत होतं. आकडे मला कळतात. पण मला त्या अंगणातून एकदा नीट निघायचं होतं. घरची मुलगी निघते तसं, भरल्या पदराने. त्यासाठी सही द्यावी लागत असेल तर द्यावी, असं मी ठरवलं.

मधल्या काळात आठ मार्च आला. विरारच्या एका हॉलमध्ये माझं भाषण होतं. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क. मी बोलले. टाळ्या पडल्या. शाल, नारळ. मग फोटोसाठी रांग लागली, आणि रांगेच्या शेवटी अबोली रंगाची साडी नेसलेली एक बाई आली. तिला फोटो नको होता.

"ताई, तुमचं ते बघून मी सही केली नाही," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. भाऊ बोलत नाही. आई गेली तर मला शेजाऱ्यांनी कळवलं. मालिकेत तुमचा भाऊ आठ दिवसांत रडत आला होता. माझा आला नाही. मग आता पुढं काय करायचं असतं?"

ती भांडत नव्हती. मालिकेतले पुढचे भाग तिचे बघायचे राहिले असावेत आणि मला ते माहीत असणार, अशा आवाजात विचारत होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि कुणीतरी तेवढ्यात तिच्या नकळत आमचा फोटो काढला. पुढच्या बुधवारी मी स्वतः सही करायला जाणार होते, हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

बुधवारी सकाळी चांदीपला पोचले. मी साडी नेसून गेले होते, सुती, ठेवणीतली. वहिनीने पाट मांडला होता, पाटाभोवती रांगोळी. ताटात अंजिरी साडी, खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकू. टीव्हीवर प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये कागद ठेवलेले. आधी ओटी, मग जेवण न करता तडक विरारला रजिस्ट्रार ऑफिस, असं दादाने आखलं होतं. त्याने नवा शर्ट घातला होता.

"ताई, खण काही मॅचिंग मिळाला नाही हां," वहिनी म्हणाली. "दोन दुकानं फिरले."

मी पाटावर बसले. पदर पुढे घेतला. वहिनीने ताट उचललं.

"सुनंदा, ते हिकडं आन," आई पडवीतल्या खाटेवरून म्हणाली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे ती. भिंतीला धरून उठत होती.

"तुम्ही कशाला आई, मी भरते ना."

"आन म्हनते."

दादा पुढे झाला. "आई, तुला चालत नाय ते." बाबा गेल्यापासून आईने कुणाची ओटी भरली नव्हती. विधवेने ती भरायची नसते.

"मला गुडघ्याने चालत नाय," आई म्हणाली. "बाकी चालतं."

ती माझ्यासमोर येऊन बसली. वहिनीच्या ताटातले तांदूळ तिने घेतले नाहीत. कनवटीला लावलेली छोटी पुरचुंडी सोडली. त्यात तांदूळ होते. कधी बांधून ठेवले होते कुणास ठाऊक.

"ही निघाली त्या दिवशीची राह्यलीय," ती दादाला म्हणाली, माझ्याकडे न बघता. "ही त्या दिवशीची. तुझ्या सहीची तुझ्या बायकोने भरायची, ती येगळी. दोन्ही एकात उरकू नको."

तिने ओंजळीने तांदूळ माझ्या पदरात घातले. थोडे पाटावर सांडले, थोडे रांगोळीत. कुणीही ते गोळा करून परत टाकले नाहीत. नारळाची वेळ आली तेव्हा आईने इकडेतिकडे बघितलं. तिच्याकडे नारळ नव्हता. मग वहिनीने आपल्या ताटातला नारळ उचलला आणि, दादाकडे मान न वळवता, आईच्या हातात दिला.

विधवा आईने बिनलग्नाच्या मुलीची ओटी भरली. रीतीने बघितलं तर दोन्हीकडून चूक. आईने अंगठ्याने माझ्या कपाळाला कुंकू लावलं, ते जरा डावीकडे गेलं. म्हणाली, "आता जा कुठं जायचं तिथं."

भरला पदर घेऊन झटकन उठता येत नाही. मी तशीच बसले होते. दादा फोल्डर घेऊन आला. "चला. साडेअकराचा नंबर आहे."

"मी नाही येत, दादा."

"म्हंजे?"

"नाव काढणार नाही. विकायचं असेल तर विकू, तुझ्या सहीशेजारी माझी सही होईल. नसेल विकायचं तर राहू दे, तूच जमीन कस, मला एक दाणा नको."

तो हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "आला डायलॉग. बोल ना पुढचं, हात देनार नाय वगैरे. बाहेर गंगूकाकीला बोलावू का ऐकायला?"

"ते बोलायचे मला पैसे मिळाले होते," मी म्हटलं. "ह्याचे मिळणार नाहीत."

"मी तुझ्यासाठी चार वर्सं गावात खोटं बोललो."

"हो. बोललास."

तो बाहेर गेला. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. साडी मी पाटावरच ठेवली. वहिनी म्हणाली, "न्या ना ताई, तुमच्यासाठीच आणलीय." मी नेली नाही. तिच्या नवऱ्याने ती सहीसाठी आणली होती, आणि सही झाली नव्हती. पदराला तांदळाची गाठ मारली, हातात नारळ घेतला, आणि फाट्यापर्यंत चालत गेले. या वेळी सोडायला कुणी नव्हतं.

लोक याला धैर्य म्हणतील म्हणून सांगते, ते धैर्य नव्हतं. मी एक गोष्ट घ्यायला गेले होते आणि तिची किंमत द्यायलाही तयार होते. ती गोष्ट मला किंमत न देता मिळाली. मग सही कशासाठी करायची, इतका साधा हिशेब होता. आईने वहिनीच्या आधी उठून ते केलं नसतं, तर मी सही केली असती. त्या हॉलमधल्या बाईने जे केलं ते कुणी ओटी भरलेली नसताना केलं. धैर्य तिचं. टाळ्या मात्र मला मिळाल्या.

त्या बाई हे वाचत असतील तर त्यांना एवढंच सांगायचं आहे की पुढे काय करायचं असतं ते मलाही माहीत नाही. दादा वर्षभर बोलला नाही. राखी पोस्टाने पाठवली. परत आली नाही, पोचल्याचा निरोपही आला नाही. गोडाऊनवाल्याने शेजारची जमीन घेतली. दादाने आमची अर्धी जमीन पावसाळ्यात अर्धेलीने, म्हणजे निम्म्या पिकाच्या बोलीवर, कसायला दिली, अर्धी पडीक ठेवली. आईची तब्येत मला वहिनीच्या फोनवरून कळते, तेही ती हळू आवाजात बोलते. मी या सगळ्याने सुखी झाले असं म्हणणार नाही. झोप मात्र लागते. तांदूळ मी शिजवले नाहीत. नारळ फोडला आणि बोळिंजच्या माझ्या स्वयंपाकघरात, रोजच्या आमटीत वाटला. तो एक नारळ वापरताना मला आपण कुठून आलो आणि कुठे राहतो, दोन्ही एकाच वेळी माहीत होतं. घर म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी सध्या एवढंच सांगू शकते. तिथे मला राहता येत नाही. तिथून मी निघालेली आहे, हे मात्र आता त्या घराने मान्य केलं आहे.

या मार्चमध्ये वहिनीचा फोन आला. "ताई, शेतसारा भरायला हे जात नाहीयेत. म्हणाले, ज्यांना नाव पाहिजे त्यांनी भरावा."

मी दुसऱ्याच दिवशी गेले. तलाठी तरुण मुलगी होती. माझ्याकडे दोनदा बघितलं. "तुम्हीच ना त्या? माझी आई तुमचं ते वाक्य सारखं म्हणते."

"हो. मीच."

तिने खातं काढलं, तीन नावं मोठ्याने वाचली, पावती करायला घेतली आणि पेन थांबवून विचारलं, "हस्ते कुणाचं नाव लिहू? टीव्हीवरचं की सातबाऱ्यावरचं?"

"सातबाऱ्यावरचं."

पावतीचा फोटो मी दादाला पाठवला. वर्षभरानंतर त्याचं पहिलं उत्तर आलं, तेही संध्याकाळी: "पुढच्या वर्सी पन तूच भर." मी बराच वेळ ते वाचलं. टोमणा होता की काय होतं ते मला ठरवता आलं नाही, आणि मी ठरवायच्या मागेही लागले नाही.

आई, दादा आणि मी, तिघांच्या एकत्र खात्याचा शेतसारा, एकसष्ट रुपये. दिले चांदीपच्या तलाठ्याकडे, रोख. हस्ते विमल आत्माराम.